जवसाचा सदरा

बाबांनी सदरा पाहिला तो बोटांनी. पिशवीतून बाहेर काढला, डावा हात आत घातला, पाठीचं कापड तळव्यावर ताणून धरलं आणि उजव्या हाताच्या चिमटीत घेऊन अंगठा फिरवला. मग गॅलरीत गेले आणि उजेडासमोर धरला. घोडपदेवच्या आमच्या खोलीत कापड बघण्याजोगा उजेड तेवढ्या गॅलरीतच. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सूत जाड-बारीक आहे रे. आमच्या खात्यात हा ताका नापास झाला असता."

बाबा कापड गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे मागांवर, होते. आधी दोन साचे सांभाळायचे, पुढे चार. धोटा, कांडी, फणी हे शब्द आमच्या घरात भाजी-भाकरीइतके सहज बोलले जायचे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत तेही होते. त्यांची गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडली नाही. पण बोटं अजून कामावर आहेत. लग्नाच्या आहेरात आलेला टॉवेल असो की शेजारणीनं दाखवायला आणलेली साडी, आधी चिमटीत धरणार, मग बोलणार. जाड-बारीक सुताच्या ताक्याबद्दल त्यांच्या पगारातून पैसे कापले गेले होते, ते त्यांना महिन्यासकट आठवतं. त्यामुळे लिननच्या सदऱ्यावरचं त्यांचं पहिलं मत कडक होतं, आणि ते अनुभवाचं होतं.

सदरा मी लोअर परळला घेतला होता, फिनिक्स मिलच्या जागेवर उभ्या राहिलेल्या मॉलमधून. पांढरा म्हणावा तर थोडा राखाडी, ताकासारखा रंग. आमच्याकडे 'लिनन' हा शब्द तोवर दोनच ठिकाणी ऐकलेला: रेल्वेच्या वातानुकूलित डब्यात आणि हॉस्पिटलात. तिथे लिनन म्हणजे चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल. असतात ते बहुतेक सुतीच, नाव मात्र जुन्या कापडाचं टिकून राहिलंय. हा सदरा खरोखरच लिननचा होता आणि त्याला कसं वागवायचं हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. कापडाच्या माणसांचं घर असूनही.

मी दहावीला मराठी शिकवतो. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं असे रसग्रहणाचे कप्पे दरवर्षी मुलांना करून देतो. फळ्यावर लिहितो ते शब्द कुठून आले, हे त्या दिवशी गॅलरीत उभं राहिल्यावर पहिल्यांदा नीट जाणवलं. कवितेचा पोत, कथेची वीण, निवेदनाचा धागा, कथानकाचं सूत्र. समीक्षेनं हे सगळं मागावरून उचललंय. मग एखाद्या कापडाचंच रसग्रहण का करू नये? मला ते करायचं आहे आणि त्याला कारण आहे. हा सदरा मी आधी न वाचताच धुतला आणि पहिल्या महिन्याभरातच जवळजवळ घालवला.

त्याचं झालं असं. शनिवारी रात्री इतर कपड्यांबरोबर बादलीत भिजत घातला. सकाळी कॉलरला ब्रश मारला, घट्ट पिळला, सुती कपड्यांना देतो तसा पीळ दिला आणि गॅलरीच्या दोरीवर दुपारच्या उन्हात टाकला. संध्याकाळी काढला तेव्हा पापडासारखा कडक झाला होता. इस्त्री तापवून वर दाबली, पाच वेळा दाबली. पिळ्याच्या रेषा तशाच. उलट बाहीवर इस्त्रीनं नवीन चुणी पडली आणि तीही निघेना. कॉलरच्या कडेला बारीक लव उठली होती. आई म्हणाली, "महागाचं घेतलंस ना, मग त्यावर काही लिहून दिलं असेल की."

लिहून दिलं होतं. डाव्या बाजूच्या शिवणीत, आतून, बोटाच्या पेराएवढी साटीनची पट्टी. तिच्यावर पाच चित्रं आणि मजकूर फक्त तीन शब्दांचा, शंभर टक्के लिनन. इतका आटोपशीर मजकूर मी फार थोड्या ठिकाणी वाचलाय. १९६३ साली पॅरिसमध्ये 'गिनेटेक्स' नावाची संघटना स्थापन झाली. तिनं रुजवलेल्या या खुणा आज जगभर कपड्यांच्या आत शिवलेल्या असतात. पाण्याची घंगाळी म्हणजे धुणं. त्रिकोण म्हणजे ब्लीच. चौकोन म्हणजे वाळवणं. इस्त्री म्हणजे इस्त्री, तिच्या पोटात ठिपके. वर्तुळ म्हणजे ड्रायक्लीन. घंगाळीतला आकडा पाण्याची उष्णता सांगतो. माझ्या सदऱ्यावर ४० आहे, म्हणजे मुंबईच्या नळाचं पाणी उन्हाळ्यातही चालेल. त्रिकोणावर फुली. चौकोनात एक उभी रेघ म्हणजे दोरीवर वाळवा, आणि कोपऱ्यात तिरकी रेघ म्हणजे सावलीत. इस्त्रीत तीन ठिपके. एक ठिपका साधारण ११० अंशांचा, दोन १५० चे, तीन म्हणजे २०० च्या आसपास, घरगुती इस्त्रीची सगळ्यात वरची पायरी.

इथे मी थबकलो. धुण्यात इतकी नाजूक काळजी आणि इस्त्री मात्र जास्तीत जास्त गरम? सावलीत वाळवायला सांगणारं कापड २०० अंश कसं मागतं? कवितेत असा विरोध दिसला की मुलांना मी सांगतो, इथे खणा. पट्टीवरही तिथेच खणावं लागलं.

उत्तर धाग्यात आहे, म्हणून आधी धागा. लिनन जवसाच्या काडीतून येतं. होय, तेच जवस, ज्याची चटणी आपल्याकडे भाकरीवर तेल घालून खातात आणि विदर्भात ज्याची रब्बीत शेतं असतात. आपल्याकडचं जवस बुटकं, फांद्या फुटणारं, बियांसाठी पेरलेलं. फ्रान्स-बेल्जियमच्या किनारपट्टीवर जे जवस घेतात ते उंच आणि सरळ वाढवतात, कारण तिथे काडी हवी असते. ती कापत नाहीत, मुळासकट उपटतात, म्हणजे तंतूची लांबी वाया जात नाही. मग शेतातच पसरून दवात कुजू देतात. कुजताना तंतूंना चिकटवून ठेवणारा डिंकासारखा भाग सुटतो आणि सालीतले लांब तंतू मोकळे होतात.

गावाकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. अंबाडीचे भारे ओढ्यात दगडाखाली दाबून कुजवायचे, सोलायचे, वाख काढायचा आणि त्याचे कासरे, दावी वळायची, हे आमच्या आजोबांनी केलेलं काम. लिनन म्हणजे जवसाचा वाख. हा एक शब्द मिळाला आणि मला ते कापड एकदम आपलं वाटायला लागलं. अमरावतीजवळ नांदगावपेठेला रेमंडचा लिननचा कारखाना आहे. आजूबाजूच्या जिल्ह्यांत जवस पिकतं ते तेलासाठी आणि चटणीसाठी, आणि लिननसाठी लागणारं लांब तंतूचं जवस वाढतं ते सातासमुद्रापार. दोन्ही जवसं एकाच जातीची. लॅटिन नावात त्या जातीला 'अत्यंत उपयोगी' असं विशेषण लावलेलं आहे.

आता बाबांचा आक्षेप, जाड-बारीक सूत. कापसाचा तंतू इंच-सव्वा इंचाचा, सुटा सुटा असतो. तो पिंजून, विंचरून, सरळ करून एकसारखं सूत निघतं, आणि एकसारखं निघालं नाही तर दोष कामगाराचा. जवसाचा तंतू हातभर लांब, पण तो एकटा तंतू नसतो, अनेक बारीक तंतूंची जुडी असते. जुडी कुठे जाड फाटते, कुठे बारीक. म्हणून लिननच्या सुतात मध्येच जाडसर गाठ दिसते, पुढे सूत निमुळतं होतं, पुन्हा फुगतं. माझ्या सदऱ्याच्या पाठीवर उजव्या खांद्याखाली अशी एक आडवी जाड तार आहे, तीन बोटं लांब, मग ती पुन्हा इतर तारांत मिसळून जाते. बाबांनी त्याच तारेवर नख ठेवलं होतं. कापसात तो दोष आहे हे अगदी खरं. लिननमध्ये तो झाडाचा आवाज आहे. अभंग गाताना एखादं अक्षर लांबतं आणि ताल तरी सुटत नाही, तसं ते सूत विणीत बसलेलं असतं.

दुकानदारानं '६० ली' असं सांगितलं होतं. बाबांनी विचारलं, "ली म्हणजे किती वार?" शोधून सांगितलं: एका पौंडात ३०० वारांच्या जितक्या लडी बसतात तितकी ली. कापसाचा काउंट ८४० वारांवर मोजतात, हे त्यांना ठाऊक होतंच. वर्तमानपत्राच्या कडेला त्यांनी पेन्सिलीनं गणित मांडलं. साठ गुणिले तीनशे, भागिले आठशे चाळीस. "एकवीसचं सूत. म्हणजे फार बारीक नाही. मग एवढं हलकं कसं लागतं अंगाला?" हा प्रश्न त्यांनी सदऱ्याला विचारला, मला नाही. पुन्हा चिमटीत धरला. त्या क्षणापासून ते या कापडाकडे परीक्षक म्हणून बघायचे थांबले आणि वाचक म्हणून बघायला लागले.

हलकं लागतं कारण विरळ विणलेलं असतं आणि घाम पटकन पितं, पटकन सोडतं. हवेतला ओलावा कापूस साधारण साडेआठ टक्के धरून ठेवतो, लिनन बारा टक्क्यांपर्यंत, आणि तरी हाताला कोरडंच लागतं. बंदरावरून येणारी खारट दमट हवा आमच्या भागात मे महिन्यात अंगाला चिकटून बसते. कॉटन ग्रीनच्या पुलावरून चालत स्टेशन गाठेपर्यंत टेरिकॉटचा शर्ट पाठीला चिकटतो. हा सदरा चिकटत नाही. रुपयांत किती पडला ते बाजूला ठेवून हे सांगतो.

आणि तो तीन ठिपक्यांचा प्रश्न. जवसाचा तंतू आतून फार सरळ, फार घट्ट बांधलेला. म्हणून तो भक्कम, पण लवचीक जवळजवळ नाहीच. ताणला तर दोन-तीन टक्के लांबतो आणि मग तुटतो. लोकर वाकते आणि उसळते. लिनन वाकतं आणि तसंच राहतं. त्याच्या आतली बांधणी सैल व्हायला दोन गोष्टी लागतात, पाणी आणि उष्णता, आणि त्या एकदमच लागतात. नुसती उष्णता दिली तर कोरडा तंतू ऐकत नाही. म्हणून मी पाच वेळा दाबूनही चुणी निघाली नव्हती. सदरा पूर्ण वाळू द्यायचाच नव्हता. हाताला गार लागतो, पण पाणी लागत नाही, अशा वेळी दोरीवरून काढायचा आणि लगेच गरम इस्त्री फिरवायची. तेव्हा ते कापड लोण्यासारखं पसरतं. सावलीत वाळवायला सांगणारी तिरकी रेघ आणि तीन ठिपके यांच्यात विरोध नव्हता, वेळेचा हिशेब होता. ऊन सदऱ्याला इस्त्रीच्या आधीच कोरडा करून टाकतं.

वाळून गेलाच तर उपाय आमच्या नाक्यावरच्या कोळशाच्या इस्त्रीवाल्याकडे पाहून शिकलो. तो सुती साड्यांवर हातानं पाणी शिंपडतो, गुंडाळी करतो आणि फळीखाली ठेवून देतो. दुसऱ्याचे कपडे होईपर्यंत पाणी आतपर्यंत सारखं मुरतं. लिननला हेच करावं, फक्त गुंडाळी अर्धा तास राहू द्यावी. गडद रंगाचं असेल तर उलट्या बाजूनं इस्त्री, नाहीतर शिवणीवर चकाकी येते.

ओलेपणाबद्दल आणखी एक नवल आहे. रेशीम भिजलं की कमजोर होतं, लोकर होते, रेयॉन तर फारच. लिनन भिजलं की अधिक भक्कम होतं. कोरड्यापेक्षा ओला तंतू जास्त ताण सोसतो. म्हणजे बादलीत या कापडाला भीती नाही. भीती पिळ्याची, कारण पिळा म्हणजे शंभर घड्या एकदम. आणि भीती ब्रशची, कारण घासून जुडी फुटते आणि लव उठते. म्हणून आता सदरा साध्या पाण्यात, थोड्या साबणात, हातानं दाबत दाबत धुतो, दोनदा आघळतो आणि न पिळता हँगरवर लावतो. खाली बादली. पाण्याच्या वजनानं तो स्वतःच ताणला जातो, निम्म्या चुण्या तिथेच जातात. चाळीत हे करायचं तर गॅलरीतून खालच्या मजल्यावर पाणी ठिबकतं आणि खालच्या काकूंचा आवाज येतो, म्हणून मोरीतच नळाला अडकवतो, ठिबकणं थांबलं की मग बाहेर. नवं लिनन शिवायला टाकणार असाल तर आधी रात्रभर भिजवून, वाळवून मगच शिंप्याकडे द्या. पहिल्या पाण्यात ते आटतं. नीळ, ब्लीच, खळ यांतलं काही लागत नाही. खळ घालून ठेवलेल्या कापडाला पावसाळ्यात कसर हमखास लागते.

हळदीबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगतो, कारण लिनन घालून जेवायला बसणारा मराठी माणूस कधी ना कधी तिथे पोहोचतोच. आमटीचा थेंब बाहीवर पडला. आईनं सवयीनं साबण लावला आणि पिवळा डाग रक्तासारखा लाल झाला. घाबरायचं कारण नाही, हळद साबणाला भेटली की लालच होते, कुंकू हळदीचंच असतं ते याच गुणानं. आईनं डाग आघळला, तो पुन्हा पिवळा झाला, आणि तेवढी बाही तिनं उन्हात धरली. बाकीचा सदरा सावलीत, एक बाही कठड्याबाहेर. हळदीचा रंग उजेडात विटतो. दुपारपर्यंत डाग फिका, दुसऱ्या धुण्याला नाहीसा. पट्टीवर सावलीची खूण होती आणि आईनं उन्हाचा उपयोग केला, तरी दोघांचंही बरोबर होतं. संहिता माहीत असलेला वाचकच अशी सवलत घेऊ शकतो.

यानंतर घरात वाद झाला तो सुरकुतीवरून. सकाळी कडक इस्त्री करून घातलेला सदरा शाळेत दोन तास झाल्यावर कोपरांत, पोटावर, पाठीत चुरगळतो. बाबांना ते बघवेना. "चुरगळलेले कपडे घालून पोरांसमोर उभा राहतोस?" या वाक्यात काय आहे ते घोडपदेवला वाढलेल्या माणसाला कळतं. आठवडाभर अंगावर कापसाची भुकटी, तेलाचे डाग. डोक्यावर गिरण्यांच्या चिमण्यांची काजळी. सुट्टीच्या दिवशी मात्र पांढरा लेंगा, पांढरा सदरा, टोपी, सगळं परीटघडीचं. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं राहायची, पण बाहेर पडणाऱ्या माणसाच्या बाहीवरची इस्त्रीची रेघ सुरीसारखी असायची. परीटघडी ही त्या माणसांची इभ्रत होती. तिच्यावर मी काहीही बोलणार नाही.

पण लिनन परीटघडी धरत नाही. धरायला लावली तर मोडतं. बाबांशी वाद घालताना मी त्यांना लंडनच्या पेट्री म्युझियममधल्या एका वस्त्राची गोष्ट सांगितली. इजिप्तमधल्या तारखान इथे १९१३ मध्ये उत्खननात चिंध्यांचा एक ढीग सापडला होता. तो तसाच पडून राहिला. १९७७ साली साफ करायला घेतल्यावर त्यातून लिननचा एक अंगरखा निघाला, बारीक चुण्या घातलेला. तो पाच हजार वर्षांहून जुना आहे, विणलेल्या वस्त्रांमध्ये जगातल्या सर्वांत जुन्यांपैकी. तो कुणीतरी खरंच अंगात घातला होता हे कशावरून कळलं? कोपरांत आणि काखेत पडलेल्या सुरकुत्यांवरून. माणूस गेला, नाव गेलं, हात वाकवल्याची खूण पाच हजार वर्षं राहिली. बाबा ऐकत होते. मग एवढंच म्हणाले, "मग तू कोपरात चुरगळ. कॉलर मात्र ताठ पाहिजे." तो तह आम्ही पाळतो. कॉलर, बटणपट्टी आणि बाह्यांच्या कडा ओलसर असताना कडक इस्त्री, बाकीच्या अंगावर इस्त्रीचा हात हलका.

जवसाच्या कापडाला संस्कृतात क्षौम म्हणतात; क्षुमा म्हणजे जवस. पुढे हा शब्द तलम रेशमालाही सैलपणे लावला गेला, पण मूळ अर्थ वाखाचा. बौद्ध भिक्षूंना चीवरासाठी ज्या सहा प्रकारच्या वस्त्रांची परवानगी होती, त्यांत क्षौम आहे. आणि ते कालिदासाच्या 'शाकुंतला'त आहे, अगदी मोक्याच्या जागी. मराठी रंगभूमीवर १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ज्याचं संगीत नाटक केलं, तेच शाकुंतल. चौथ्या अंकात शकुंतला सासरी निघते. आश्रमात दागिने नाहीत, वस्त्र नाही. कण्वांचे शिष्य झाडांकडे जातात, आणि एक झाड चंद्रासारखं पांढरं क्षौम देतं. दुसरं पायांना लावायला अळिता देतं.

लहानपणापासून हा प्रसंग मी चमत्कार म्हणून वाचला. सदऱ्याच्या नादानं परत वाचला तेव्हा कालिदासाची वीण दिसली. पहिल्या अंकात शकुंतला वल्कल नेसलेली आहे. वल्कल म्हणजे झाडाची आतली साल. क्षौम म्हणजे जवसाच्या काडीची साल, कुजवून, विंचरून, विणून तलम केलेली. राजवाड्यात जाणाऱ्या मुलीला कवीनं रेशीम दिलं नाही. आश्रमात नेसत होती त्याच कुळातलं वस्त्र दिलं, फक्त त्याला पाणी, दव आणि माणसाच्या हाताचा संस्कार झालेला. माहेर सोडताना तिच्या अंगावर माहेरचीच साल आहे, आणि ती झाडानं दिली यात मग काहीच नवल उरत नाही. लिनन झाडाकडूनच येतं. हे मी वर्गात सांगितलं त्या दिवशी मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, "सर, म्हणजे तिचं वस्त्र चुरगळत असणार?" हो, चुरगळत असणार. हस्तिनापूरला पोचेपर्यंत नक्कीच. मला तो प्रश्न फार आवडला.

राहिली घडी. लिननची खरी नाजूक जागा हीच, आणि इथे पट्टी गप्प आहे, तिच्यावर घडीची खूणच नाही. ती जागा आईनं भरून काढली. तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत लग्नातला शालू आहे, जुन्या मऊ धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला. दर तीन-चार महिन्यांनी ती तो काढते, वारा दाखवते आणि घडी बदलून ठेवते. तीच घडी राहिली तर जर तिथे तुटते, कापड रेघेवर फाटतं, हे तिला तिच्या सासूनं सांगितलेलं. शालूचा नियम तिनं सदऱ्याला लावला. "तुझं ते कापड वाकलं की वाकलेलंच राहतं म्हणतोस ना? मग त्याच रेघेवर रोज मोडलंस तर तुटेलच." अगदी तसंच होतं. लवचीकपणा नसलेला तंतू एकाच जागी पुन्हा पुन्हा दुमडला, त्यावर गरम इस्त्री दाबली, की आतून तडकतो. जुन्या लिननच्या चादरी आणि मेजपोस फाटतात ते बहुधा मध्ये नाही, घडीच्या रेघेवर फाटतात. म्हणून इस्त्रीनं घडी दाबायची नाही. सदरा हँगरवर ठेवायचा. जागा नसेल, आणि आमच्या खोलीत नाहीच, तर सैल गुंडाळी करायची. चादर असेल तर एकदा तीन पदरी, पुढच्या वेळी चार पदरी. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायची नाही, पावसाळ्यात आत बुरशी धरते. सुती फडकं पुरे, त्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला. डांबराच्या गोळ्या ठेवल्याच तर कापडाला टेकू द्यायच्या नाहीत.

पट्टी गळ्याला किंवा कमरेला टोचते म्हणून बरेच जण नवा कपडा आणल्याबरोबर ती कातरतात. कातरा, पण आधी एकदा उजेडात धरून पाचही खुणा वाचा आणि कातरलेला तुकडा शिवणाच्या डब्यात टाका. आमच्याकडे तो बटणांच्या डबीत आहे.

सदऱ्याला आता सहावं वर्ष चालू आहे. नवा असताना होता त्यापेक्षा मऊ झालाय. लिनन धुण्याधुण्याला मऊ होत जातं. कॉलरची कड किंचित विरली आहे, ती पहिल्या महिन्यातल्या माझ्या ब्रशाची खूण. गेल्या दिवाळीत बाबांनी त्यांचं धागे मोजायचं जुनं भिंग काढलं, सदरा गॅलरीत नेला, आडव्या उभ्या सगळ्या घड्यांच्या जागा तपासल्या आणि परत आणून दिला. एकही तार तुटलेली नाही.